पसंतीक्रम

चौदा रकाने होते. प्रचितीने नऊ भरले,
पाच मोकळे ठेवले. म्हणाली,
तुम्ही सांगा पप्पा, पैसे तुमचे.

नझीमच्या सायबरमध्ये तासाला तीस रुपये,
पंखा आमच्याकडे पाठ करून.
पहिल्या नंबरला तिने घातलं होतं
डोंगरातलं एक कॉलेज, सात हजार फुटांवर.
फोटोत इमारतीच्या कपाळावर बर्फ,
मुली हसताहेत, तोंडातून वाफ.
फी बरी होती. खोटं कशाला बोलू,
इथल्या खाजगीच्या निम्मी.

मी एकवीस वर्षं ससून डॉकच्या मागे,
बर्फाच्या कारखान्यात.
मिठाच्या पाण्यात डबे सोडतो, डबे काढतो.
लादी सुटताना आवाज येतो
दाढ उपटल्यासारखा.
अमोनिया गळला की आधी डोळ्यांना कळतं.
डाव्या हाताची दोन बोटं
चहाचा ग्लास गरम की गार, सांगत नाहीत;
उजव्याला विचारावं लागतं.
मला थंडीचं कौतुक सांगू नये कोणी.

हिच्या आईने जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला.
फी, मेस, डिपॉझिट, जाऊन-येऊन तिकीट.
मग खाली, दुसऱ्या शाईने:
रजई. स्वेटर दोन. लोकरीचे मोजे.
बूट, आतून लव असलेले.
हीटरला परवानगी नाही, असली तर बिल वेगळं.
आंघोळीचं गरम पाणी...
इथे पेन थांबलं.
तिकडे त्याचे वेगळे घेतात का,
आणि घेतले तर किती धरायचे,
आमच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.
तिने पुढे नुसती एक रेघ ओढली.

रत्नागिरीला सरकारी आहे, मी म्हटलं.
माझ्या मावसबहिणीचं घर स्टँडपासून जवळ.
चार सुती ड्रेस, एक छत्री, झालं.
उकाड्याला कोणी डिपॉझिट मागत नाही.
घाम येतो, येऊ दे की. पुसता येतो.

प्रचिती काही बोलली नाही.
रात्री मात्र गॅलरीत आईला सांगत होती,
मला फक्त बघायचं होतं
कोणी न बनवलेला बर्फ कसा पडतो.
मी झोपलोय असं दोघींना वाटत होतं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ती डॉकवर आली,
पालकाची सही राहिली होती.
मासेमारीची बंदी लागायला आठवडा उरलेला,
शेवटच्या फेरीच्या बोटी घाईत.
क्रशर चालू, मी पन्हळीतून
एका बोटीच्या पोटात चुरा सोडत होतो.
अंगाला शर्ट चिकटेल असं ऊन,
सोड्यांचा वास, पायाखाली चिखल.
तिने कागद ओढणीत गुंडाळला
आणि पन्हळीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली.

अगं, हा टँकरच्या पाण्याचा आहे, मी ओरडलो.
माहितीये, म्हणाली.
चुरा उडत होता. केसांवर बसला, पापण्यांवर.
क्षणभर ती माझ्या आईच्या वयाची दिसली.
मग सगळं ओघळलं
आणि परत अठराची झाली, नाक पुसत.

सही करताना कागद ओला झाला,
माझं आडनाव पसरलं.
तेव्हा यादी वाचली.
एक, रत्नागिरी. दोन, इथलंच सरकारी.
मग गोवा, मग कुठली कुठली
समुद्राकाठची, स्वस्त, घामेजलेली.
आणि चौदाव्या नंबरला, तळाशी, डोंगर.

खोडलं नाहीस?
रकाना रिकामा राहिला असता, ती म्हणाली,
आणि चार वाजायच्या आत नझीमकडे पोचायचं म्हणून
पळत सुटली, चप्पल चपचप वाजवत.

मी डावा हात तसाच पन्हळीखाली धरून होतो.
दोन बोटांना काहीच कळत नव्हतं,
बाकीच्या तिघांना कळत होतं.
बोटीवरून तांडेल ओरडला,
शेठ, झोपलात का? बर्फ सोडा.